ससेक्सच्या डाऊन्समधली एक दिवसाची चाल: खडूच्या टेकड्या, चार गावं, चार चर्चं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला नव्याने आलेले नोकरदार, ब्रायटनला शिकणारी मुलं, लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. वाट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळची, पूर्व ससेक्समधली. वाट मला आवडते, त्यामुळे उत्तरं तटस्थ नाहीत.

नेमकी वाट कुठली?

बर्विक स्टेशनवर उतरायचं. तिथून दक्षिणेला बर्विक गाव, मग कुकमिअर नदीकाठचं अल्फ्रिस्टन, नदी ओलांडून ललिंग्टनचं इवलंसं चर्च, विंडोव्हर हिलचा चढ, पलीकडे उतरून विल्मिंग्टन, आणि तिथून शेतांमधून परत बर्विक स्टेशन. अंदाजे पंधरा किलोमीटर. जिथून निघालो तिथेच परत येतो, त्यामुळे रेल्वेचं परतीचं तिकीट एकच पुरतं.

उलट दिशेनेही करता येते. पण मी या क्रमानेच सुचवतो, कारण टेकडीचा माथा जेवणानंतर येतो आणि टेकडीच्या उतारावर कोरलेला प्रसिद्ध माणूस माथा उतरल्यावर, पाठीमागे वळून पाहिल्यावर दिसतो.

डाऊन्स म्हणजे डोंगर का? फोटोत तर नुसते हिरवे उंचवटे दिसतात.

उंचवटेच आहेत. साउथ डाऊन्स ही खडूच्या टेकड्यांची रांग विंचेस्टरपासून ईस्टबर्नच्या समुद्रापर्यंत जाते. तिच्या माथ्यावरून जाणारी 'साउथ डाऊन्स वे' ही वाट १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची. २०१० साली या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण ताडोबासारखं कुंपण आणि प्रवेशद्वार डोळ्यांपुढे आणू नका. इथे गावं आहेत, शेती आहे, शाळा आहेत, दारूचे गुत्ते आहेत, आणि हे सगळं उद्यानाच्या आतच आहे.

खडू म्हणजे खरोखर खडू. आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या कवचांचा थर तळाशी साचत गेला, तो हा. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे नखाने खरवडता येणारा हा पांढरा, ठिसूळ दगड सह्याद्रीच्या कातळापेक्षा वयाने मोठा आहे. चालताना बुटांना पांढरं पीठ लागलं की हे आठवून मला दर वेळी गंमत वाटते.

टेकड्यांवर झाडं का नाहीत?

मेंढरं. अश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडलं आणि नंतर हजारो वर्षं मेंढरांनी रोप वर येऊ दिलं नाही. मातीचा थर वीतभरही नसतो, त्यात पाणी लगेच खाली झिरपतं. पण अशा कंगाल जमिनीत कुठल्याच एका गवताला दादागिरी करता येत नाही, म्हणून चांगल्या जुन्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींची झाडोरं-फुलं सापडतात. तिथेच निळी फुलपाखरं भिरभिरतात. जिथे मेंढरं हटली तिथे काटेरी झुडपं माजली, आणि दुसऱ्या महायुद्धात व नंतर बरीच कुरणं नांगराखाली गेली. म्हणजे जे 'निसर्गरम्य' दिसतं ते चरण्यातून घडलेलं आहे, आणि चरणं थांबलं की मोडतं.

जवळच्याच ग्लाइंड गावच्या जॉन एलमन या शेतकऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या मेंढ्यांचा वाण सुधारला. 'साउथडाऊन' या नावाने तो वाण पुढे न्यूझीलंडपर्यंत पोचला.

लंडनहून कसं जायचं? किती वेळ लागतो?

व्हिक्टोरिया स्टेशनवरून लूइस साधारण तासाभराच्या थोडं पुढे. लूइसला गाडी बदलून ईस्टबर्नच्या दिशेची थांबत जाणारी गाडी घ्यायची. ब्रायटनहून आणखी सोपं. बर्विक लहान स्टेशन आहे, गाड्या साधारण तासाला एक, म्हणून परतीच्या वेळा सकाळीच बघून ठेवा. फलाटावर तास काढण्यासारखं तिथे काही नाही. रविवारी रुळांची कामं निघतात, बदली बस मिळते आणि दिवसाचा चुथडा होतो. निघण्याआधी तपासा. तीन किंवा अधिक माणसं एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून गटाची सवलत मागा, तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो.

हरिश्चंद्रगड, राजगड केलेत. ही वाट फारच सोपी वाटेल का?

पायांना सोपी वाटेल. सगळा मिळून चढ तीनशे मीटरच्या आसपास, कातळटप्पा नाही, दोर नाही, हात टेकायची वेळ येत नाही. विंडोव्हर हिलचा माथा जेमतेम दोनशे मीटरवर. पण किती तासांत संपवली हे या वाटेचं माप नाही. चालण्याचे साडेचार तास धरा, आणि चर्चं, चहा, बसणं यांसाठी अडीच-तीन तास वेगळे काढा. तीन तासांत 'मारून' येणारे भेटतात. त्यांना अल्फ्रिस्टनच्या चर्चचं दार कुठल्या बाजूला आहे ते विचारलं तर सांगता येत नाही.

त्रास देतो तो चिखल. पावसात खडूची वाट साबणासारखी होते, आणि हिवाळ्यात कुकमिअरच्या काठची कुरणं पाण्याखाली जातात. चांगल्या पकडीचे, घोटा धरणारे बूट हवेत. छत्री वाऱ्यात उलटते, त्यापेक्षा पावसाचं जॅकेट न्या.

लोकांच्या शेतातून जायचं? मालक हाकलत नाही?

नाही, कारण तो तुमचा कायद्याने हक्क आहे. इंग्लंडमध्ये 'सार्वजनिक पायवाट' खाजगी शेतातून गेली तरी ती सार्वजनिकच राहते. मालकाने तिथे गहू पेरला तरी वाट मोकळी ठेवणं त्याला बंधनकारक असतं. यातल्या कित्येक वाटा गावकरी चर्चला, बाजाराला, गिरणीला जाताना शतकानुशतकं तुडवत आले, तेवढ्यावरच तो हक्क उभा आहे. खुणा सोप्या: पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा, आणि ओकच्या फळाची खूण म्हणजे राष्ट्रीय पदयात्रेची वाट.

तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की वाट सोडू नये, पिकात शिरू नये, आणि फाटक ज्या स्थितीत दिसलं त्याच स्थितीत ठेवावं. उघडं असेल तर उघडं. मेंढरं पाण्याकडे जावीत म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २५. मोबाइलवरही मिळतो, पण दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी बसते. ए-२७ हा भरधाव रस्ता या वाटेत जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावा लागतो. दिवसभरातली खरी जोखमीची जागा तीच, तिथे घाई करू नका.

आम्ही ख्रिश्चन नाही. चर्चमध्ये गेलेलं चालतं का? बूट काढायचे का?

चालतं. ही अँग्लिकन गावचर्चं दिवसा बहुधा उघडी असतात. आत कुणीच नसतं. जड लोखंडी कडी फिरवायची, आत जायचं, आणि दार मागे ओढून घ्यायचं, नाही तर पाकोळ्या आत शिरतात आणि अडकून मरतात. तशी पाटी कधीकधी दारावरच असते.

बूट काढायची पद्धत नाही. पण चिखलाने लडबडलेले असतील तर दारातल्या बाकाजवळ काढून मोज्यांवर जा, कुणी काही म्हणत नाही. गावातल्याच स्वयंसेवक आजीबाई फरशी पुसतात, हे लक्षात असू द्या. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा किंवा मागच्या बाकावर गुपचूप बसा. दानपेटी असते, हल्ली कार्ड टेकवायचं यंत्रही असतं. दोन-तीन पाउंड टाकावेत. आठशे वर्षांच्या छपराचा खर्च शंभर-दोनशे वस्तीच्या गावावर पडतो, आणि छप्पर गळायचं थांबत नाही.

सगळी चर्चं बाहेरून सारखीच दिसतात. पाहायचं काय?

भिंतीपासून सुरुवात करा. भिंतीत काळे-करडे, काचेसारखे चमकणारे गोटे दिसतील. ती चकमक. खडूच्या थरांमध्ये हिचे गोळे सापडतात. प्राचीन समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यांमधली सिलिका विरघळून पुन्हा गोठली, ती ही. अश्मयुगात याच दगडाची हत्यारं झाली, विंडोव्हर हिलवर त्यासाठी खणलेले खड्डे आजही ओळखू येतात. मध्ययुगात त्याच दगडाच्या भिंती झाल्या, कारण या भागात दुसरा धड बांधकामाचा दगडच नाही. खडू मऊ, पावसात झिजणारा. चकमक कठीण, पण गोळ्यागोळ्यांची.

गोळ्यांचा कोपरा बांधता येत नाही, ही गवंड्याची मोठी अडचण. म्हणून चर्चचे कोपरे, दारं आणि खिडक्यांच्या चौकटी पाहा, तिथे घडीव दगड असतो आणि तो बाहेरून आणलेला असतो, काही ठिकाणी तर नॉर्मंडीतल्या काँहून, समुद्रमार्गे. गावाकडे पैसा किती होता हे कोपऱ्यांवरून कळतं. ससेक्समधल्या तीन चर्चांनी तर कोपऱ्यांचा प्रश्नच मिटवला, त्यांचे मनोरे गोल आहेत. गोलाईचं निदान एक स्पष्टीकरण तरी हेच देतात.

चकमकीचे गोटे नुसते चुन्यात बसवलेत की फोडून, सपाट बाजू बाहेर करून, सांध्यात सुई जाणार नाही असे लावलेत, तेही बघा. अल्फ्रिस्टनला दुसऱ्या प्रकारचं काम आहे आणि ते उन्हात चमकतं. पायाखालची टेकडी, कुंपणाची भिंत, गोठा आणि चर्च एकाच मालाचे आहेत, हे एकदा डोळ्यांना दिसलं की या वाटेत 'निसर्ग' आणि 'वास्तू' असे दोन खाने उरत नाहीत. मला तरी या चालण्यात सगळ्यात मोठा आनंद त्याचा वाटतो.

आतून भिंती इतक्या पांढऱ्या आणि कोऱ्या का?

त्या कोऱ्या नव्हत्या. मध्ययुगात गावचर्चच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असत. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, स्वर्ग-नरक भिंतीवर दिसे. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटलं, सुधारकांना चित्रं म्हणजे मूर्तिपूजा वाटली आणि भिंतींवर चुना फिरला. ससेक्समध्ये क्लेटन, कूम्ब्स, हार्डम या चर्चांत १२व्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराची चित्रं त्या चुन्याखालून पुन्हा बाहेर आली. ती या वाटेवर नाहीत. पण चुन्याच्या चार शतकांनंतर कुणीतरी पुन्हा भिंती रंगवायचं ठरवलं, तर काय होतं ते या वाटेवरच पाहायला मिळतं.

बर्विकच्या चर्चमधली चित्रं एवढी का गाजली?

चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांचं मत असं की कलावंत आणि चर्च यांची फारकत झाली आहे आणि ती मिटवली पाहिजे. १९४१ साली, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी इथल्या भिंती रंगवायचं काम दिलं ते डंकन ग्रँट, व्हनेसा बेल आणि तिचा मुलगा क्वेंटिन बेल यांना. हे ब्लूम्सबरी मंडळातले, म्हणजे लंडनच्या लेखक-कलावंतांच्या गटातले लोक. देवाधर्माशी त्यांचा फारसा संबंध नव्हता, आणि लग्न-संसाराच्या बाबतीत तर त्या काळच्या गावकऱ्यांनी तोंडात बोट घालावं असं त्यांचं जगणं. राहायला पलीकडेच, फर्लजवळच्या चार्ल्सटन या शेतघरात. व्हनेसाची बहीण, कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ, त्याच वर्षी मार्चमध्ये वारली होती.

गावातून विरोध झाला, प्रकरण चर्चच्या न्यायसभेपुढे गेलं, शेवटी परवानगी मिळाली. युद्धकाळामुळे थेट भिंतीवर न रंगवता फळ्यांवर रंगवून त्या भिंतीवर चढवल्या. १९४३ साली काम अर्पण झालं.

कमानीच्या वर ख्रिस्त वैभवात बसला आहे, आणि खाली डावीकडे गुडघे टेकून एक सैनिक, एक खलाशी, एक वैमानिक आहे. तिघंही इथल्याच खऱ्या माणसांवरून रंगवलेले. त्यातला सैनिक पुढच्या वर्षी, १९४४ साली, नॉर्मंडीत मारला गेला. येशूजन्माचं दृश्य बेथलेहेमात नाही, ससेक्सच्या कोठारात घडतं. मेंढपाळांच्या हातात इथल्याच काठ्या आहेत आणि मागे ओळखीची टेकडी. ज्ञानोबा-तुकोबांच्या कथा आळंदी-देहूच्याच रस्त्यांवर ऐकलेल्या माणसाला यात वावगं काही वाटणार नाही. इंग्रज गावकऱ्यांना मात्र तेव्हा वाटलं.

चित्रकलेच्या दृष्टीने ती मला एकसारखी जमलेली वाटत नाहीत. पण शांत बसून अर्धा तास द्यावा अशी आहेत. या चर्चला पाच मिनिटांत आत-बाहेर करणार असाल तर वाटच दुसरी निवडा.

अल्फ्रिस्टनमध्ये किती वेळ ठेवावा?

जेवणासकट दीड तास. मुख्य रस्ता अरुंद, लाकडी सांगाड्याची जुनी घरं, पर्यटकही भरपूर. स्टार ही पंधराव्या शतकातली सराय. तिच्या कोपऱ्यावरचं लाल सिंहाचं लाकडी धूड म्हणजे किनाऱ्यावर फुटलेल्या एका डच जहाजाच्या नाळेवरचं शिल्प. चोरट्या मालाच्या व्यापाराच्या कहाण्या इथे प्रत्येक दुकानदार सांगतो.

चर्च मात्र रस्त्यावर नाही. मागे 'टाय' नावाचं मोकळं हिरवं मैदान आहे, त्यात एका उंचवट्यावर. चौदाव्या शतकातलं, चारही भुजा जवळपास सारख्या असलेल्या क्रुसाच्या आकाराचं, आणि गावाच्या मानाने इतकं मोठं की त्याला 'डाऊन्सचं कॅथेड्रल' म्हणतात. दंतकथा अशी: चर्च दुसरीकडेच बांधायला घेतलं होतं, पण दिवसा रचलेले दगड रात्रीत टायवर येऊन पडत. मग कुणाला तरी चार पांढरे बैल इथे शेपटाला शेपूट लावून, क्रुसासारखे बसलेले दिसले. जागा ठरली, आराखडाही ठरला. आत गेल्यावर मध्यभागी छतातून लोंबणारे घंटांचे दोर बघा, घंटा वाजवणारे इथे सगळ्यांसमोर, चर्चच्या ऐन मधोमध उभे राहतात.

चर्चशेजारी गवताने शाकारलेलं 'क्लर्जी हाउस' आहे. चौदाव्या शतकातलं घर, पाडायच्या बेतात होतं. १८९५ साली जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारा नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, त्याने पहिली इमारत विकत घेतली ती ही, १० पाउंडांना. आज लाखो एकर जमीन आणि शेकडो वाडे बाळगणाऱ्या संस्थेची सुरुवात या छोट्या घरापासून झाली. आतली जमीन खडू कुटून, वर आंबवलेलं दूध ओतून घट्ट केलेली आहे. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही त्यातलं कसब लगेच कळेल.

ललिंग्टनचं चर्च सापडत नाही. आहे तरी कुठे?

अल्फ्रिस्टनचा पांढरा पूल ओलांडून समोर चढत राहा, वर झाडीत एक बोळवजा वाट आत जाते. रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद. वीसेक माणसं बसली की भरलं. इंग्लंडमधल्या सर्वांत लहान चर्चांमध्ये त्याची गणना होते, पण मुळात ते लहान नव्हतं. एका मोठ्या चर्चचा वेदीकडचा भाग तेवढा उरला आहे. बाहेर गवतात जुन्या भिंतींचे अवशेष शोधा, मूळ लांबीचा अंदाज येतो. बाकीचं सतराव्या शतकात, क्रॉमवेलच्या काळात, जळालं असं सांगतात. गावही विरलं. प्लेगने ओस पडलं, असं म्हणतात. चार गावं म्हणून मी शीर्षकात लिहिलं खरं, पण त्यातलं हे एक गाव म्हणजे आता दोन-चार घरं आणि हे चर्च.

चारांतलं एकच बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन. अल्फ्रिस्टन भव्य आहे, पण भव्य चर्चं इंग्लंडभर आहेत.

टेकडीवरचा तो 'लाँग मॅन' किती जुना?

विल्मिंग्टनच्या वर, विंडोव्हर हिलच्या उत्तर उतारावर, दोन्ही हातांत दोन उंच काठ्या घेतलेली माणसाची आकृती. उंची २३५ फूट, म्हणजे सुमारे ७२ मीटर. चेहरा नाही, कपडे नाहीत. रोमन काळातला, सॅक्सन योद्धा, सूर्यदेव, प्राचीन मोजणीदार, असे नाना तर्क झाले. २००३ साली रेडिंग विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी पायथ्याशी खणून पाहिलं. तर्क साधा होता: उतार खरवडला असेल तर खडूचे तुकडे पावसाने वाहून खाली साचले असणार. तसा थर सापडला, पण तो सोळाव्या-सतराव्या शतकातला निघाला. म्हणजे आकृती त्या सुमाराची असण्याची शक्यता मोठी. सर्वांत जुनं ज्ञात रेखाटन १७१० सालचं.

१८७४ साली त्याची पुसट रेघ विटांनी पक्की केली. १९६९ मध्ये विटांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे आले, ते पांढरे रंगवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून त्याला हिरवा रंग फासला होता.

माथ्यावर उभं राहून तो दिसत नाही, याची आधीच कल्पना देतो. उतार इतका तीव्र की वरून फक्त गवत दिसतं. खाली, विल्मिंग्टन प्रायोरी या जुन्या लहान मठाजवळून बघा. आकृती खालून प्रमाणशीर दिसावी म्हणून उतारावर मुद्दाम लांबट काढली आहे. वरती मात्र अश्मयुगातला लांबोडका दफन-उंचवटा आणि ब्राँझ युगातला गोल उंचवटा आहे. त्यांच्यापुढे लाँग मॅन कालचा पोरगा.

विल्मिंग्टनमध्ये आणखी काय?

चर्चच्या अंगणातला यू वृक्ष. वय सुमारे १,६०० वर्षं मानतात. खोड फाटून दोन झालेलं, फांद्यांना लाकडी टेकू आणि साखळ्या. हे खरं असेल तर शेजारचं नॉर्मन चर्च बांधलं तेव्हाच झाड सहा-सातशे वर्षांचं होतं. यूची पानं, बिया विषारी असतात. मुलांना लाल फळं तोंडात घालू देऊ नका.

शेजारच्या प्रायोरीत एकेकाळी नॉर्मंडीतल्या ग्रेस्टेन मठाचे बेनेडिक्टाइन भिक्षू राहून इथल्या जमिनींचा हिशोब बघत. नॉर्मनांनी जिंकलेल्या मुलखातला वसूल समुद्रापलीकडे नेणारी ती कचेरीच. आता ती सुट्टीसाठी भाड्याने मिळते.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल. पबमध्ये सूप, चीजचं सँडविच, भाजलेला बटाटा असं काहीतरी नेहमी असतं. पण दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद करणारे पब आहेत, आणि रविवारी दुपारी आरक्षणाशिवाय जागा मिळत नाही. म्हणून धपाटे, लोणचं, गुळाची पोळी घेऊन जा आणि अल्फ्रिस्टनच्या टायवर बसून खा. पाणी प्रत्येकी दीड लिटर, खडूच्या टेकडीवर झरा मिळत नाही. सार्वजनिक स्वच्छतागृह अल्फ्रिस्टनला आहे, पुढे भरवसा धरू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जून पहिले. कुरणं फुललेली, चंडोल आकाशात ओरडत असतात, उजेड रात्री नऊपर्यंत. कोकरं बघायची तर मार्च-एप्रिल. सप्टेंबरही छान. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा उशिरा निघाला तर टेकडी अंधारात उतरावी लागेल.

साप, जनावरं, काही धोका?

विषारी साप एकच, ॲडर, आणि तो माणसापासून पळतो. गायींपासून सांभाळा, विशेषतः वासरं बरोबर असतील आणि तुमच्याकडे कुत्रा असेल तेव्हा. लांबून वळसा घ्या. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, तो पळू शकतो. लांब गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. लांब पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा. नेटलच्या झुडपाला हात लागला तर थोडा वेळ चुरचुरतं, बाकी काही नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना नेता येईल का?

पूर्ण वाटेवर नको. गाडीने अल्फ्रिस्टन गाठा, पैसे भरून गाडी लावायची सोय आहे. चर्च, क्लर्जी हाउस, नदीकाठची सपाट वाट, चहा. मग गाडीनेच विल्मिंग्टन आणि बर्विक. चढ एकही नाही आणि तीन चर्चं होतात. ललिंग्टनचा चढ जमत असेल तर चौथंही. बाबागाडी मात्र कुठेच चालणार नाही, कुंपणांवर लाकडी पायऱ्या आहेत. तान्ह्या बाळाला पाठीवरच्या पिशवीत घ्या.

हे आवडलं तर पुढची वाट कुठली?

साउथीझ स्टेशनवरून रॉडमेलमार्गे लूइस. साउथीझचं चर्च गोल मनोऱ्याच्या तिघांपैकी एक, लूइसचं सेंट मायकेल दुसरं. रॉडमेलला व्हर्जिनिया वुल्फ यांचं मंक्स हाउस आहे. जवळजवळ सपाट आणि अर्ध्या दिवसाची.

या टेकड्यांवर आपल्याकडच्या माणसांची काही खूण आहे का?

आहे, पण या वाटेवर नाही. ब्रायटनच्या उत्तरेला, पॅचमच्या वर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये रुग्णालय होतं. तिथे दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचं दहन डाऊन्सवर झालं. त्या जागी संगमरवरी छत्री उभारली, तिचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं अनावरण झालं. पुढे, २०१० साली, शेजारीच त्या ५३ जणांची नावं कोरलेला स्मृतिफलक आला.

तिथपर्यंत गाडी जात नाही, पॅचमकडून मेंढरांच्या कुरणातून चढत जावं लागतं. दरवर्षी जूनमध्ये तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो आणि तो सर्वांना खुला असतो.